अण्णांची बंदूक आणि माझं शास्त्र

माझ्या वडिलांना दोन अपत्यं. थोरली बंदूक आणि धाकटा मी.

हे मी रागाने म्हणत नाही, जन्मक्रमाने म्हणतो. ती एकनळी बंदूक लाटंबार्स्यात, आमच्या गावच्या घरी आली तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते. मी आलो तेव्हा ते जायच्या बेतात होते. (मला बघूनच गेले, असं माझा मामा सांगतो.) परवाना शेतीच्या संरक्षणासाठी होता. भात पोटरीवर आलं की डोंगरातून रानडुकरं उतरत, आणि अण्णा बांधावर बसून एक बार काढत. इतक्या वर्षांत त्यांनी एकही डुक्कर मारलं नाही. पण नेम चुकला असं त्यांनी कधी कबूलही केलं नाही. "बरो भेश्टायलो ताका!" म्हणत, म्हणजे चांगला घाबरवला म्हणत, ते छाती काढून घरी येत, आणि मग तासभर बंदूक पुसत बसत. मला ताप आला तर आई बघायची. बंदुकीवर ठिपका दिसला तर अण्णा जेवायचे नाहीत.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. राजभाषा कोणती यावरून गावोगावी वाद चालले होते. आमच्या घरात मात्र सोय लागलेली होती : भांडण कोकणीतून, वर्तमानपत्र मराठीतून! मी वास्कोला बंदरावरच्या एका कचेरीत कारकून होतो, बायको सुलभा हिच्यासह दोन खोल्यांत राहत होतो. आणि गावी अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका संध्याकाळी त्यांनी काजूच्या बुंध्याला "कोण रे तो?" असं दरडावून विचारलं, आणि बुंधा उत्तर देईना म्हणून त्याच्याशी भांडण काढलं. तेव्हा ठरलं की ऑपरेशन वास्कोला करायचं, आणि आई-अण्णांनी पावसाळाभर, गणेश चवथीपर्यंत आमच्याकडेच राहायचं. घराला कुलूप.

"आनी बंदूक?" अण्णांनी विचारलं. डोळ्यांचं काय होणार हे त्यांनी विचारलंच नाही.

बंद घरात बंदूक ठेवायची नाही, असा कायदा. "वास्कोला घेऊन जाऊ का?" असं मी म्हणून बघितलं, तर अण्णा उखडले. "वास्कोक? थंय जनेलाचे गज एका पावसांत तांबडे जातात! खारी हवा ती!" (जनेल म्हणजे आमची खिडकी.) तेव्हा उरली पोलीस चौकी. (कुठली ते सांगत नाही. चौकीचा काही दोष नव्हता. सगळा माझा होता.)

आम्ही दोघं न्यायला गावी आलो होतोच, सामान बांधायला मामाही आला होता. निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी मला जवळ बोलावलं आणि जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "पुता, म्हजे दोळे आतां कितले दीस पुरतले? चवथीक परत येतकच परवान्यार तुजें नांव घालया. फौजदार बंदूक पळयतलो, तुका पळयतलो आनी शिफारस बरयतलो. फकत बंदूक गंजूंक फावना. गंजली जाल्यार सरकार ती घरा धाडचें ना."

म्हणजे बंदूक न गंजता परत आली, तर फौजदार शिफारस लिहिणार आणि परवान्यावर माझं नाव लागणार. आयुष्यात पहिल्यांदा अण्णा मला बंदुकीच्या शेजारी बसवत होते! मी मनाशी ठरवलं, ही बंदूक अशी जपायची की फौजदाराने तिच्यात तोंड बघून मिशीला पीळ भरावा.

"करायचं काय त्यात?" सुलभा म्हणाली. ती पेडण्याची. पेडण्याच्या माणसांचा मोठ्या गोष्टी बारीक करण्यात हातखंडा. "तेलाचो एक पातळ हात फिरवचो, आनी पंदरा दिसांनी एकदां वचून पुसून येवचें. जालें!"

"अगं, पुसणं म्हणजे अडाणी उपाय. गंजाचं मूळ कशात आहे? दमटपणात!"

"तर मग?"

"मुळावरच घाव घालणार." एवढं बोलून मी उठलो. शास्त्रज्ञ सगळं आधी सांगत नसतात.

माझं शास्त्र मला आमच्या जेवणाच्या मेजावर सापडलं होतं. वास्कोच्या हवेत मिठाला पाणी सुटतं, म्हणून सुलभा मिठाच्या बाटलीत तांदळाचे चार दाणे टाकत असे. दाणे ओल पितात, मीठ कोरडं राहतं. आता चार दाण्यांनी बाटलीभर मीठ राखलं जात असेल, तर मूठभर दाण्यांनी एक नळी राखली जाणार नाही? आतून दाणे. बाहेरून कोकमाचं तेल, म्हणजे आमचं भिरंडेल. टाचांच्या भेगांना लावतात तेच. वितळवून लावलं की थिजतं आणि मेणासारखा थर धरतं. त्यातून हवा जाणार नाही, पाणी जाणार नाही, गंजाचा बाप जाणार नाही!

संध्याकाळी मी तव्यावर भिरंडेल पातळ केलं आणि बंदूक हातात घेतली. ती आधीच चांगली तुळतुळीत लागली. मी म्हटलं, वा, अण्णांनी डोळे जाता जातासुद्धा काय माया केली आहे! त्या मायेवर मी बोटभर थर चढवला. बंदूक पिवळसर पांढरी दिसू लागली, पण शास्त्राला रूप नसतं. दाणे घ्यायला गेलो, तर आईने घरातले तांदूळ वास्कोसाठी बांधून टाकलेले. पोटमाळ्यावर एका मडक्यात थोडं भात होतं. सालासकट. म्हटलं, साल असली म्हणून काय झालं, आत तांदूळच आहे ना? खिसा भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी चौकीत हवालदारांनी बंदूक मोडून नळीतून उजेडाकडे बघितलं. रिकामी आहे अशी खात्री केली, मिटायला गेले, आणि बंदूक ओल्या बांगड्यासारखी त्यांच्या हातांतून सुटून थेट मांडीवर आली.

"हें कितें लायलां हिका?"

"संरक्षण," मी म्हणालो.

मग मी खिशातून भात काढून नळीत ओतायला लागलो, तेव्हा हवालदार खुर्ची मागे सरकवून उभेच राहिले. "पूजा आसा?"

"शास्त्र आहे!" नळी गळ्यापर्यंत भरली, आणि हवा खेळती राहावी म्हणून बूच न मारता लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा स्वच्छ फडक्याचा दादरा तिच्या तोंडाला बांधला. बंदूक लग्नाला निघाल्यासारखी दिसू लागली.

"सगल्यांच्यो बंदुको आमी त्या भितरल्या कुडींत आडव्यो दवरतात," हवालदार आतल्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाले. "सुकी कूड. कितलीं वर्सां जालीं, कांयच जावंक ना."

"आडवी नको. आत कोंडट होतं. ती तिथे कोपऱ्यात उभी करा, त्या जनेलाजवळ."

"थंय पावसाची झड येता."

"मग जनेल लावून घ्या."

"ताका दार ना."

इथे कुणीही शहाण्या माणसाने बंदूक आडवी ठेवून दिली असती. पण मी वास्कोला नोकरी करत होतो, पँटीत शर्ट खोचत होतो, आणि अण्णा शेजारी उभे होते. "अहो, थोडी हवा पाहिजेच!" मी ठासून म्हणालो. अण्णांना दिसत काहीच नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. माझा खांदा चाचपून ते हवालदारांना म्हणाले, "तो सांगता तशें करात. शिकिल्लो आसा."

हवालदारांनी केलं तसं. त्यात त्यांचा काय अपराध!

वास्कोला अण्णांचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी बांधून ते खाटेवर पडून असत, आणि बाहेर पाऊस जरा मोठा झाला की विचारत, "बंदूक बरी आसतली मरे?"

"अण्णा, ती तुमच्याआमच्यापेक्षा कोरडी आहे."

"एकदां वचून पळयलें जाल्यार?" सुलभा स्वयंपाकघरातून म्हणे.

"दादरा सोडला की ओलसर हवा आत शिरेल. सगळी मेहनत फुकट!" खरं कारण असं की वास्कोहून पणजी, पणजीहून डिचोली आणि तिथून पुढे गावची बस, एवढा उपद्व्याप भर पावसात कोण करणार? पण शास्त्रात आळसाला फार चांगली नावं मिळतात.

हळूहळू वाड्यावर माझी कीर्ती पसरली. शेजारी बेळगावकडचे पाटील राहत, बांधकामावर मुकादम. ते सायकलला गंज चढला म्हणून सल्ला विचारायला आले. मी त्यांना चहा पाजून दमटपणावर व्याख्यान दिलं. अण्णा पट्टीखालून ऐकत होते. पाटील गेल्यावर मला म्हणाले, "म्हाका दिसतालें, तुका ती सांबाळूंक जमची ना. चूक म्हजी." त्या कौतुकानेच पोट भरलं, त्या दिवशी मला भूक अशी लागलीच नाही. (पाटलांनी पुढे सायकलच्या दांडीत काय भरलं, हे मी कधी विचारलं नाही.)

चवथीच्या तोंडावर आम्ही परतलो. अण्णांना जाड भिंगांचा नवा चष्मा मिळाला होता. बसमधून ते प्रत्येक शेत नावानिशी ओळखत होते आणि प्रत्येक वेळी आईला कोपराने ढोसत होते. डिचोलीला मामा भेटला. हा आईचा भाऊ तातूमामा, दोडामार्गचा, खाणीवर ट्रक चालवायचा. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान घ्यायला आलो होतोच, पण अण्णा म्हणाले, आधी बंदूक. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शिफारस मिळायची म्हणजे काय!

चौकीत फौजदार नवीन होते. कडक, पण आवाज न चढवणारे. त्यांनी अर्ज वाचला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "ठीक. बंदूक आणा."

हवालदार जागचे हलले नाहीत. "सायब, तुमी हांगाच बसात," ते म्हणाले. "हांव हाडटां. पूण मागीर म्हाका कांय म्हणूं नाकात."

आधी आतल्या कोरड्या खोलीतून दुसऱ्या कुणाची तरी बंदूक आली. पातळ तेलाचा हात, नळी चकचकीत. मालक ती घेऊन पान चघळत निघूनसुद्धा गेला. मग कोपऱ्यातून हवालदार आमची घेऊन आले. वर्तमानपत्रात धरून, हात लांब करून, मान वळवून. भिरंडेलाच्या थरात मुंग्या माळेने चिकटल्या होत्या. आणि नळीच्या तोंडाला मी बांधलेला दादरा टोपीसारखा वर उचलला गेला होता, आणि त्या टोपीखालून चांगले वीतभर पोपटी कोंब बाहेर आले होते.

फौजदारांनी हातातलं पेन मिटून ठेवलं.

अण्णांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला. पुन्हा लावला. पुन्हा काढला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "सुलभा," ते हळूच म्हणाले, "म्हाका जें दिसता, तें तुका दिसता?"

"दिसता, अण्णा."

"देवा!" त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हाका दिसलें, ऑपरेशन फुकट गेलें!"

मग ते पुढे झाले, एक कोंब दोन बोटांत धरून भिंगाजवळ नेला, आणि त्यांचा आवाज बदलला. "हें म्हजें ज्योतीचें बियाणें. पोटमाळ्यावयल्या मडक्यांतलें. दाणो दाणो वेंचून दवरिल्लें हांवें!" ज्योती ही आमच्याकडची भाताची जात. अण्णांचं पेरणीसाठी राखलेलं बियाणं! आता कळलं मडक्यात ते भात वेगळं का ठेवलं होतं. त्यातला एक दाणा वाया जाणं शक्य नव्हतं.

"परवाना कशासाठी आहे?" फौजदारांनी थंडपणे विचारलं.

"शेतीच्या संरक्षणाखातीर, सायब," हवालदार म्हणाले.

"हं. शेती कुठे आहे ते दिसलं. उघडा."

बंदूक उघडेना. हवालदारांनी ओढली, मामाने ओढली, मी गुडघ्यात धरून ओढली. नळीतलं भात फुगून बसलं होतं आणि सांध्यात काहीतरी काळं, चिकट गच्च भरलं होतं.

"हे काळं काय?" फौजदार म्हणाले. "भिरंडेल तर पांढरं असतं."

तातूमामा खाकरला. "ता... माझा. डंपराचा ग्रीस. भावोजींका दिसणा नाय म्हणान माकाच वायच काळजी वाटली. चायच्या येळार गुपचूप लायलंय."

मी मामाकडे बघतच राहिलो. एवढ्यात फौजदारांनी बोट वासाला नेलं. "आणि हा कापराचा वास?"

आता आईने पदर तोंडाला लावला. "खोबरेल," ती म्हणाली. "कापूर घालून. नळयेच्या भितरसून. सगले न्हिदिल्ले तेन्ना. न्हाण्या भुरग्याक लायता तशें लायलें, म्हाका कितें खबर हे सगलेच लायतले म्हूण!"

म्हणजे दुपारी सगळे निजलेले असताना आई, चहाला मामा, संध्याकाळी मी! तिघांनीही गुपचूप, तिघांनीही प्रेमाने. मी ज्याला अण्णांची माया समजलो होतो, तो डंपराचा ग्रीस होता.

"तळायची राहिली फक्त," फौजदार म्हणाले. मग त्यांनी पेन उघडलं. "बंदूक चालत नाही, उघडत नाही. मी कसली शिफारस लिहू? ही वर पाठवावी लागेल."

अण्णा बाकावर बसले. नुसते त्या नळीकडे बघत राहिले. नव्या चष्म्यातून त्यांचे डोळे फार मोठे दिसत होते, आणि ते भरले होते. मला त्या घटकेला कोपऱ्यात, जनेलाजवळ, झडीत, तोंडाला दादरा बांधून उभं केलं असतं तर मी हूं का चूं केलं नसतं.

"सायब, वायच रावात," सुलभा म्हणाली. "तुपाचें भांडें धुवपाक कितें लागता? हून उदक!" आणि परवानगी मिळायच्या आत ती शेजारच्या चहावाल्याकडून किटलीभर कढत पाणी घेऊन आली. चौकीच्या पडवीत तिने बंदूक आडवी धरायला लावली (मामाला, मी पुढे झालो तर म्हणाली, "तुमी नाका"), सांध्यावर बारीक धार धरली आणि पदर खोचून चिंधीने खसाखसा पुसत राहिली. भिरंडेल वितळलं, खोबरेल वितळलं, ग्रीस ओघळला, मुंग्या वाहून गेल्या. खट्ट करून बंदूक मोडली. मग काठीला चिंधी गुंडाळून तिने आतून भात ढोसलं, तसा भाताच्या रोपांचा अख्खा तरवा एका गठ्ठ्याने बाहेर पडला. अण्णांनी तो नकळत ओंजळीत झेलला.

फौजदारांनी नळी उजेडाला धरली.

"आश्चर्य आहे," ते म्हणाले. "बाहेरून एक ठिपका नाही. आत फक्त तोंडाशी, जिथे भात उगवलं, तिथे जरा तांबडं आहे. ते घासून जाईल." त्यांनी बार न भरता घोडा ओढून बघितला. वाजला! "बंदूक सुस्थितीत आहे, असं लिहितो."

अण्णांच्या तोंडावर पुन्हा रक्त आलं. मी शर्ट सारखा केला आणि एक पाऊल पुढे सरलो.

"आता दुसरा मुद्दा," फौजदार म्हणाले. "बंदूक सांभाळण्यास अर्जदाराचा मुलगा लायक आहे किंवा कसे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अण्णांच्या ओंजळीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. पेन काही कागदाला टेकेना.

त्यांची अडचण अण्णांनीच सोडवली. "सायब, तें नांव काडात," ते म्हणाले. "सुनेचें घालात."

मला लागलं. लागणारच! मी "अण्णा..." एवढंच म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर तेलकट हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "पुता, तूं म्हजो पूत, तुका हांव कशेंय करून सांबाळटां. पूण बंदूक कोणेंतरी सांबाळूंक जाय न्हय?"

तेव्हापासून परवान्यावर सुलभाचं नाव आहे. बंदूक दर पावसाळ्यात, घराला कुलूप लागलं की, चौकीच्या आतल्या खोलीत आडवी पडते, आणि पंधरा दिवसांनी एकदा सुलभा जाऊन तिच्यावरून चिंधी फिरवून येते. सोबत म्हणून मीही जातो. मधल्या काळात किती फौजदार बदलले, नवा आला की मला बघून विचारतो, "हे कोण?"

"म्हजे घोव," सुलभा सांगते. "बरे मनीस. पूण तांच्या हातांत कितेंच दिवं नाकात."

मी निमूट बाकावर बसतो. आताशा छत्रीसुद्धा तीच धरते.